चिंचेच्या पाण्यातला चेर राजा

१२ जानेवारी, सकाळ
अमरावती नदीच्या पात्रात वाळू चाळणाऱ्या पाप्पात्तीकडून नाणं घेतलं. तांब्याचं, हिरवंगार, नखाएवढं. एकीकडे हत्ती, दुसरीकडे धनुष्यबाण. म्हणजे चेर राजाचं, दोन हजार वर्षांपूर्वीचं. आणि कडेने अक्षरं! ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही बसवर नावं रंगवायचात ना? मग हे वाचा की."
करूरच्या कारखान्यात चौतीस वर्षं बसवर अक्षरं काढली. मला अक्षर फसवणार? रविवारी राजाचं नाव जाहीर. रोज फक्त एक तास देणार. डोक्याला ताण नको.

१३ जानेवारी
अक्षरं सात. दोन ओळखली. पाच घाणीखाली आहेत, त्याला मी काय करणार.
नाच्चिमुत्तूला दाखवलं. सोनार, शाळेपासूनचा दोस्त, पंचवीस वर्षं नाणी जमवतोय. भिंग लावून एकेक अक्षर तपासलं. मग म्हणाला, "वेलुस्वामी, असलं नाणं मी जन्मात पाहिलं नाही. आहे तसं ठेव. घासूबिसू नकोस, माझी शपथ आहे."
जळतो. स्पष्ट दिसत होतं.

१५ जानेवारी, पोंगल
देवानैने सणासाठी पितळेची भांडी चिंचेने घासली. आरसा! बायकोकडूनही शिकावं माणसाने.
दुपारी १ : नाणं चिंचेच्या पाण्यात. फक्त दहा मिनिटं. पद्धत शास्त्रीय.
संध्या. ५ : गोड पोंगल जरा जास्त झालं. डोळा लागला. नाणं लखलखीत. अक्षरं चारच, पण काय सुबक!

१८ जानेवारी, रविवार
घोषणा पुढे ढकलली. संशोधनाला घाई चालत नाही. आजपासून टूथब्रश. देवानैचा, जुना. ती म्हणते जुना नव्हता.

२१ जानेवारी
अक्षरं दोन. राजाचं नाव आटोपशीर होतंय. लोकांच्या लक्षात राहील.
बाजारात नाच्चिमुत्तू भेटला. म्हणाला, "कोइमतूरच्या नाणेतज्ज्ञ कुळली मॅडमना पत्र टाकलंय. एक तारखेला आपल्या इतिहास मंडळात येतायत, खास तुझ्या नाण्यासाठी." मी म्हटलं, "मला विचारायचंस तरी!" तो म्हणाला, "अरे, तुझंच नाव होईल."
जेवण गेलं नाही. हवा बदलली असणार.

२९ जानेवारी
मंडळासाठी पाठ केलेलं भाषण देवानैसमोर म्हणून दाखवलं. तिने एकच विचारलं, "पण त्याच्यावर आता आहे काय?" बायकांना इतिहासाची आवड नसते.

१ फेब्रुवारी, रात्री
चाळीसेक माणसं. मॅडमनी नाणं उलटं केलं, सुलटं केलं, खिडकीशी नेलं. हत्तीचा एक पाय सापडला. हळू आवाजात म्हणाल्या, "इथे नाव होतं. कदाचित कुणालाच माहीत नसलेलं. कुणी घासलं हे?"
मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.
तेवढ्यात नाच्चिमुत्तू उठला. "चूक माझी, मॅडम. मीच त्याला साफ कर म्हणालो."
मॅडम त्याला म्हणाल्या, "तुम्ही? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." चाळीस माना त्याच्याकडे वळल्या. पंचवीस वर्षांची त्याची पत.
मी तोंड उघडलंच होतं, म्हणून त्यात वडा घातला.

२ फेब्रुवारी
त्याच्या दुकानात गेलो. म्हटलं, "का बोललास तसं?" तो कानातल्याला टाका लावत होता. म्हणाला, "तुझा चेहरा बघवत नव्हता रे. कॉफी घेणार?"
घेतली. गोड होती. अर्धी ठेवून उठलो.

३ फेब्रुवारी
मॅडमना पत्र. पहिल्या कागदावर दोष चिंचेचा. दुसऱ्यावर सणाच्या जेवणाचा. देवानैने दोन्ही फाडले. तिसऱ्यावर लिहिलं : 'नाणं मी घासलं. नाच्चिमुत्तूने शपथ घालून मनाई केली होती. हे मंडळात सर्वांसमोर वाचून दाखवावं.' खाली सही.
टपालपेटीत टाकलं. लगेच परत काढायला गेलो. हात मनगटापर्यंतच जातो.