चिमणाबाईचं बोट उमटेना

१२ नोव्हेंबर

ठरलं! आमच्या महिला दूध संस्थेची निवडणूक तेवीसला, आणि या वेळी मतदान बोटावर. यंत्रानं बोट ओळखलं तरच मताचं बटण चालू. संचालिका कुरकुरल्या. मी विचारलं, मागच्या निवडणुकीत तानाबाईचं मत कोणी टाकलं? ती तर महिनाभर आधी वारली होती! ठराव लगेच मंजूर.

निवडणुकीचं काम माझ्याकडे आहे तोवर मेलेली माणसं मत देणार नाहीत.

१५ नोव्हेंबर

दिवसभर बोटांची नोंदणी. चिमणाबाई आली ती कमरेवर हात ठेवूनच. "बाई, अंगठा कुणाला द्यायचा न्हाय म्हणून तुम्हीच शपथ घातलीसा की! आता तुम्हीच मागताय व्हय?" बाया खो खो हसल्या. मला हसू आलं नाही. साक्षरता वर्गात मीच तिला सही शिकवली – तीस वर्षं झाली.

शेवटी दिलं बोट. उमटेना! दहाही बोटं लावून झाली. वैरण कापून, उसाचा पाला काढून, धारा काढून रेघाच उरल्या नाहीत. यंत्रवाला म्हणाला, "मावशी, जरा दाबून." ती म्हणाली, "म्हशीला अंधारात कळतंय माझं बोट, आन् ह्याला उजेडात कळंना!"

अशा एकोणीस जणी निघाल्या. सगळ्या राबणाऱ्या. ज्यांच्या गोठ्यात गडी राबतो, त्यांची बोटं पहिल्या झटक्यात!

मी सांगून टाकलं – बोट नाही, मत नाही. नियम म्हणजे नियम.

१६ नोव्हेंबर

चिमणाबाई संकलन केंद्रावर भेटली. किटली ठेवली, निघून गेली.

१७ नोव्हेंबर

मागच्या मतदानाचं रजिस्टर काढलं. तानाबाईच्या नावापुढे चक्क सही! तानाबाई वर्गाला कधी आलीच नाही. जन्मभर अंगठा.

सहीवरची रेघ नावापेक्षा बरीच लांब. अक्षरं तिरकी जाऊ नयेत म्हणून मी बायकांना आधी रेघ ओढायला लावायची, मग तिच्याखाली नाव. बाकीच्या पुढे सुधारल्या. एकीची रेघ अजून तशीच लांब येते.

१८ नोव्हेंबर

विचारलं. तिनं नाकारलं नाही.

"व्हय, मीच. दवाखान्यात माझा हात धरून म्हणाली, चिमणे, माझं मत वाया घालवू नगंस. टेबलावरच्या पावण्यानं नाव इचारलं, मी तिचं सांगितलं. दुपारी परत गेलतो, तवा माझं. चोरी झाली का बाई?"

"झाली."

"मग काढा माझं नाव." पदर खोचून वैरणीला गेली.

उद्या अहवाल द्यायचा. तिचं सभासदत्व जाईल. संस्था काढली तेव्हा पहिली किटली तिचीच आली होती. – पण ते अहवालात लिहिता येत नाही.

१९ नोव्हेंबर

अहवालाला जोडायला जुनी मतदार यादी काढली. तानाबाईचं नाव तसंच! खाली शेरा – मयत नावे वगळली, यादी तपासली. तारीख तिच्या दहाव्यानंतरची. दहाव्याला मी स्वतः गेले होते.

सही माझी.

अहवालात दोन नावं घातली. माझं वर.

एकोणीस जणींना निरोप धाडला, चिमणाबाईलाही, निर्णय होईपर्यंत ती सभासदच – तेवीसला या, सही चालेल. टेबलावर मी नसेन.