आईच्या आवाजाची अट

प्रिय उत्तरेश्वर,

चार वर्षांनी लिहितेय, आणि खरं सांगते, तुझ्याशी भांडायचंच ठरवलं होतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या आयांना मुलांच्या शाळेचे निरोप मोठ्यानं वाचून दाखवणारं ॲप आम्ही केलंय. दसरा झाला की टोळ्या निघतील, त्याआधी ते त्यांच्या फोनांत जायलाच हवं. मागाहून इथे केजला बसून मी काय करणार? आमचा कोड सगळ्यांना खुला आहे. परवान्यातच लिहिलंय, कुणीही घ्या, बदला, विकासुद्धा. वाचून दाखवणारा भाग मात्र ॲपच्या कामातल्या माझ्या जोडीदारणीनं, धनश्रीनं, गेल्या आठवड्यात बाहेरून घेऊन जोडला. मी त्याचा परवाना उघडला, तर तिथे अट: विकायला मनाई. आमचा परवाना विकू देतो, हा अडवतो, म्हणजे दोन्ही एकत्र करून देताच येत नाहीत! आणि खाली करणाऱ्याचं नाव, तुझं. मी खुर्चीतून उडालेच. पुण्याची नोकरी सोडून आपला सगळा कोड फुकट वाटत सुटलेला तू, आणि तुझीच आडकाठी? रागारागानं तो भाग चालवून ऐकला.

उत्तरेश्वर, फोनातून माझी आई बोलली.

तीच आई, जिनं तुझ्यापुढे चहा ठेवून तोंडावर सांगितलं होतं, "फुकट वाटणाऱ्याला पोरगी देत न्हाई." ती तुझ्या माईकसमोर बसली आणि मला पत्ताच नाही! परवान्याच्या तळाशी तू लिहिलंयस की अट आवाज देणाऱ्या बाईंची आहे, त्यांनी सोडली तरच सुटेल. मी तशीच उठून आईकडे गेले.

आई शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "आलता बिचारा. आवाज द्या म्हनला, दिला. पर म्हनलं, माज्या बोलन्यावर कुनी पैसा कमवायचा न्हाई. दिसभर बसला. माजं इतकं कुनी ऐकून घेतलं नव्हतं कदी." मला का नाही सांगितलं, तर म्हणे, "तू रडली असतीस."

अट सोड म्हणून मी तिच्या पाया पडले. तर ती म्हणाली, "सोडते. पर इचारायला त्यानं सोता यावं. अन् पोरीचं बी परत इचारावं, या बारीला न्हाई म्हनत न्हाई." मी उठून कागद घेतला. ॲपचं कारण आहेच, दसऱ्याआधी ये. पण ॲप नसतं तरी हे पत्र मी लिहिलंच असतं.

अजूनही तुझीच,
स्वप्ना