गुदामाचा फाटा

१२ नोव्हेंबर २००६, दारव्हा
खोली मिळाली आणि चांगली मिळाली. पूर्वेला खिडकी, खिडकीतून छोट्या गाडीचे रूळ दिसतात. घर बिजलीबाईंचे. त्यांचे यजमान देवीलाल स्टेशनात सांधेवाले होते, गाडीसाठी रुळांचे सांधे फिरवायचे; आता नाहीत. मुलगी बबिता माझ्याच तंत्रशाळेत शिकवते. दोघींची नेमणूक वर्षापुरती, कायम जागा एकच. नेरहून निघताना आईला सांगून आले आहे की ती मीच घेईन. रात्री बिजलीबाईंनी गरम भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली. बबिता फार हसते.

१९ नोव्हेंबर
जानेवारीच्या प्रदर्शनासाठी प्राचार्यांना शंटिंग यार्डाचा छोटा नमुना हवा आहे. जिनिंग एकेक करून बंद पडताहेत. कापसाचे डबे लागताना मुलांनी पाहिलेलेच नाहीत. जिचे काम सरस, तिचे नाव कायम जागेसाठी पुढे जाणार. मी आराखडा काढला. एक फळी, एक मुख्य मार्ग, तीन फाटे: जिनिंगचा, धक्क्याचा आणि बंद गुदामाचा. इंजिन मागेपुढे करून डबे सांगितलेल्या क्रमाने लावायचे, एवढाच खेळ. पण टोकाचा रूळ इंजिन आणि एक डबा मावेल एवढाच ठेवला, तर कोडे अवघड होते. सगळी खुबी त्या लांबीत आहे.

२६ नोव्हेंबर
बबिताने आराखडा पाहिला. "तुह्या यार्डात सारं हाय, माणूसच नाही," म्हणाली. मग पांढरा रंग घेऊन डब्यांवर घरातली नावे लिहिली. याडी, म्हणजे तिची आई; ममता, म्हणजे मी; आणि बबिता. वडिलांच्या कामाची रीतही तिने खेळात घातली. सांधा फिरवणाऱ्याने हाक द्यायची, "रस्ता देऊ?" पलीकडच्याने "दे" म्हटल्यावरच डबा सोडायचा. प्राचार्यांना हाक फार आवडली. लांबीबद्दल ते काही बोलले नाहीत.

३ डिसेंबर
प्रदर्शनाच्या पत्रिकेत 'कल्पना: बबिता' असे छापणार आहेत. माझे नाव खाली, 'साहाय्य'. मी अभिनंदन केले. तिने माझ्या तोंडात पेढा घातला. मी तो गिळला.

९ डिसेंबर
दुपारी लोडशेडिंग. वर्गात मी एकटीच. बबिताचा डबा गुदामाच्या फाट्यासमोर आणला. गुदाम पुठ्ठ्याचे, बुटाच्या खोक्याएवढे. मागची भिंत मीच चिकटवली आहे. मोठ्याने विचारले, रस्ता देऊ?
आतून "दे" आले. पुरुषाचा आवाज, कामात असलेल्या माणसाचा.
मी डबा सोडला. दचकून हात सुटला असे नाही. सोडला.

१० डिसेंबर
बबिता काल घरी आली नाही. तिची चप्पल शाळेच्या पायरीवर सापडली. पोलीस येऊन गेले.
गुदाम उचलून पाहिले. खाली रूळ आहे. डबा नाही.

१४ डिसेंबर
बिजलीबाईंनी विचारले, रिकाम्या यार्डात हाक दिली होती का. मी नाही म्हटले. त्या चुलीकडे बघत सांगत राहिल्या. देवीलालनी एकदा जोडीदाराशी भांडून तशी हाक दिली. जोडीदार परत दिसला नाही. पुढे त्याचाच आवाज देवीलालना "रस्ता देऊ?" विचारू लागला. जन्मभराची सवय, एक दिवस ते "दे" बोलून गेले आणि तेही परत दिसले नाहीत.
"समोर माणूस नसन तं इचारू नको, पोरी," त्या म्हणाल्या. "अन् तिकडून इचारलं तं तोंड उघडू नको."

२० डिसेंबर
पत्रिका बदलली. 'कल्पना: ममता'. बरे वाटले. तरी येणारा प्रत्येक जण तिच्याबद्दलच विचारतो. नसूनही तीच.

४ जानेवारी २००७
मुलांची तालीम. ती हाक देतात, मी "दे" म्हणते. दिवसभर तेच. घरी बिजलीबाईंनी भाजी वाढू का विचारले, तरी तोंडातून "दे" आले. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

६ जानेवारी
माझा डबा धक्क्यावर ठेवला होता. सकाळी मुख्य मार्गावर. चाकाखाली खडा लावला.

७ जानेवारी
वर्गात एकटीच. वीज नाही. इंजिन बंद. खडा बाजूला पडलेला. सांधा गुदामाकडे — मी फिरवला नाही —
पुठ्ठ्याआडून तिचा आवाज. हसरा. सगळ्यांना आवडायचा तसाच.
"ममता, रस्ता देऊ?"
डाव्या हाताने तोंड दाबले आहे. लिहीत राहायचे. लिहिताना बोलता येत नाही.
पुन्हा.
मुले आली. बरे झाले. दारातच खेळ सुरू — एकाने हाक दिली — मी हात काढला — त्यालाच म्हटले, दे, त्या मुलालाच, तिला न