एक उणे चिन्ह

दिग्रसजवळचा तांडा,
१४ नोव्हेंबर

प्रिय प्रेरणा,

कशी आहेस? काका-काकू बरे असतील. आर्णीत तुझी शिकवणी चांगली चालते असं कळलं. आमच्याकडे कापूस वेचणं सुरू आहे. काल वेचता वेचता याडी म्हणाली, "तुही मैत्रीण काहून येत नाही आता?" मी म्हटलं, "कामात असते."

आईशीही खोटं. दोन वर्षं तेच करतेय.

विद्यापीठातला तो शुक्रवार आठवतो ना? एकाच अणुकेंद्राचं गणित आपण दोघींनी वेगवेगळ्या प्रोग्रॅमने केलं होतं. माझी ऊर्जा प्रयोगातल्या आकड्याशी जुळली, तुझी जुळली नाही. आपले गाइड सर सगळ्यांसमोर म्हणाले, "प्रेरणा, तुमचा प्रोग्रॅमच चुकलाय. वर्षभर केलंत काय?" बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "पुष्पे, एक डाव तुही फाइल पाह्य ना."

मी म्हटलं, "पाहिली. बरोबर आहे."

पाहिली नव्हती.

नंतर पाहिली. दोन न्यूट्रॉनमधल्या बलाचा एक आकडा उणे हवा होता, मी अधिक टाइप केला होता. दुरुस्त करून प्रोग्रॅम पुन्हा चालवला. आलं ते तुझं उत्तर, अगदी तिसऱ्या दशांशापर्यंत. माझं प्रयोगाशी जुळणं निव्वळ योगायोग होता. त्या अणुकेंद्रासाठी आपलं मॉडेलच अपुरं पडत होतं, आणि ते फक्त तुझ्या गणिताने दाखवलं होतं.

हे मला मागच्या महिन्यात कळलं, असं सरांना सांगायचं ठरवलं होतं. पण ते खरं नाही. तू पीएचडी अर्धवट टाकून हॉस्टेल सोडलंस त्या सकाळी कळलं. तू खाली ऑटोत बॅगा ठेवत होतीस. मी वर खिडकीशी, उत्तर समोर स्क्रीनवर. तू वर पाहून हात हलवलास. मीही हलवला. माझा शोधनिबंध छापायला गेला होता, प्रेरणा. एवढंच कारण होतं.

आज सरांना फोन केला. खऱ्या तारखेसकट सगळं सांगितलं. त्यांनी तारीख पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाले, "पीएचडी जाईल तुमची. कळतंय ना?"

"हो," म्हटलं.

निबंध मागे घ्यायचं पत्रही पाठवलं. बरोबर गणित तुझं होतं, हे त्यात लिहिलंय. सरांनी तुझा नंबर घेतलाय. त्यांचा फोन उचल. परत जायचं की नाही, ते तू ठरव. माझ्याशी बोललीच पाहिजे असं नाही.

हे पत्र ज्याला दाखवायचं त्याला दाखव. म्हणून खाली पूर्ण नाव लिहिते.

पुष्पा धनसिंग राठोड