वर्जिलच्या नावाचा झेंडा

तुझ्या हापिसानं आपल्या वर्जिलला जिवंतपणी मारलं, हे आधी लिहिते. खुशाली मागाहून.

१४ ऑक्टोबर, लॉरेल क्रीक

डेल्मर, थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. इकडे बरं आहे. बीन्स वाळवून झाल्या. माझे गुडघे होते तसेच आहेत.

मागच्या महिन्यात तुला कळवलं होतं, खाणीच्या धुळीनं वर्जिलचा दम फार वाढलाय, नाकात नळी आहे, एकदा येऊन जा. मला, सख्ख्या बहिणीला, उत्तर आलं, ‘आदरणीय श्रीमती कॉम्ब्स, आरोग्याच्या प्रश्नावर आपलं मत कळवल्याबद्दल आभार.’ मत? भावाचा दम म्हणजे माझं मत होय रे? खाली तुझी सही, यंत्रानं मारलेली. मी चार यत्ता शिकले, पण हात धरून तुला लिहायला मीच शिकवलं. तुझी रेघ शेवटाला घसरते. यंत्राची घसरत नाही.

काल तुझ्या हापिसाकडनं खोकं आलं. तुमच्या संसदेच्या इमारतीवर, त्या कॅपिटॉलवर, फडकवून उतरवलेला झेंडा, त्रिकोणी घडी, वर जाड कागद. माझी नात जेनेल कागद वाचता वाचता थांबली. खुर्चीतून वर्जिल म्हणाला, “वाच की गं.” तिनं वाचलं, ‘दिवंगत वर्जिल स्टिडम यांच्या स्मरणार्थ.’

तो एवढा हसला की नळी निसटली. “ओपल, वाढ बाई जेवायला. मेल्यावर फार भूक लागते.”

“तू गप बस,” म्हटलं.

मग म्हणाला, “मैताला तरी येईल का गं तो?”

मी जाऊन भांडी घासली. घासलेलीच होती.

छत्तीस वर्षं तू खासदार. दर खेपेला त्यानं पहिलं मत तुला दिलं. यंदा मतपत्रिका घरी आलीय. शेरीफपर्यंत सगळं भरलंय, तुझी चौकट कोरी. भर म्हटलं तर म्हणतो, “पहिल्यांदा आला होता तसा दारात येऊन मागू दे.”

पहिल्यांदा कसा गेला होतास, आठवतं? एकच सूट होता तुझा. ओढ्यापलीकडच्या घरांत मतं मागायला जाताना तो भिजू नये म्हणून वर्जिलनं तुला पाठुंगळी घेतलं होतं, कमरेएवढ्या पाण्यातून. आता तिथं तुझ्या नावाचा पूल आहे. फीत कापलीस आणि गेलास. आता कुणाच्या पाठीची गरज नाही तुला, नुसतं चालत यायचंय.

डॉक्टर मला दाराबाहेर नेऊन जे बोलला ते इथं लिहीत नाही. मतदानाच्या दिवसाची वाट बघू नकोस, एवढंच.

झेंडा परत पाठवत नाही. त्यानं पायांवर पांघरलाय, त्याला थंडी वाजते.

या पत्राला हापिसातल्या पोरीनं उत्तर द्यायचं नाही, यंत्रानंही नाही. तू द्यायचंस, आणि मला नाही, त्याला. दारात उभा राहून.

ओपल