भिंतीला वळसा

ती. बाबा,

नमस्कार. मी ठणठणीत आहे, काळजी नको. आईचा गुडघा कसा आहे?

ऑफिस माझ्या खिडकीतून दिसतं. मध्ये फक्त एक भिंत आहे. तिला दार ठेवायची अक्कल कुणालाच नव्हती, म्हणून आम्ही शिकलेली माणसं रोज गाडीत बसून तिला वळसा घालतो. चालत निघाले तर पहारेकरी हळहळतो, "गाडी बिघडली का ताई?"

घर विकून इकडेच यायचं म्हणता. पण संध्याकाळी फिरून आल्याशिवाय तुम्हाला घास जात नाही. इथे वरच्या मजल्यावरचे आजोबा तळघरात, उभ्या गाड्यांभोवती फेऱ्या मारतात. म्हणतात, "रस्त्यावर चालायचं कुठे? इथे निदान कुणी उडवत नाही. तुझे बाबा कधी येताहेत? मला जोडीदार होईल."

घर विकू नका, बाबा.

तुमची,
धाकटी