बाबांचा मग आणि साबणाची वडी

सोमवार, ३ फेब्रुवारी

दाढीच्या साबणाची वडी बाबांच्या मगात बसत नाही! दुकानदार म्हणाला होता, कुठल्याही मगात बसते, डोळे झाकून न्या. डोळे झाकूनच आणली म्हणायची. मगाच्या तोंडापेक्षा चांगली बोटभर रुंद आहे, आणि दाबून बसवावी तर टणक दगड.

बाबा पडले, उजवं मनगट मोडलं, म्हणून त्यांना इकडे आणलं. तेव्हापासून दाढी वाढतेय आणि त्या दाढीपायी ते खोलीबाहेर येत नाहीत. जन्मभर गाडीत तिकिटं तपासली, पण खुंट वाढलेले कुणाला दिसू दिले नाहीत. फेसाचा डबा आणला, तर म्हणे केकवर लाव. साबण स्टीलच्या वाटीत ठेवून दिला, तर म्हणे, "वाटीत साबण? मी काय भाजी खाणार आहे?" तो जाड चिनी मातीचा मगच हवा!

न्हावी घरी बोलवायचा नाही. माझ्या हाताला वळण नाही, कानाखाली एकदा कापलंच. राहिला कोण? माझा नवरा. दुकानांच्या पाट्या रंगवतो, केसाएवढी रेघ ओढताना हात हलत नाही. पण आमच्या लग्नापासून बाबा त्याच्याशी बोलत नाहीत. ‘तुझा रंगारी’, बस्स. आता एका घरात राहून पाणीसुद्धा माझ्यामार्फत मागतात. दोघांचं एकदा बोलणं व्हावं, एवढंच मला हवंय. फार मागतेय का मी?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मी औषधाच्या दुकानात काम करणारी बाई. मलमं पातळ करून डब्या भरायचं शिक्षण घेतलंय. म्हटलं साबण तो काय! उकळत्या पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवून वितळवायला घेतला. वितळतोय कसला—डिंकासारखा चिवट झाला आणि घरभर करपट वास. तसाच मगात कोंबला. गार झाल्यावर आक्रसला, आणि ब्रश फिरवला तर ब्रशला चिकटून अख्खा गोळा बाहेर!

बाबांनी शांतपणे विचारलं, "दुकानात औषधं पण अशीच देतेस का?"

इतका राग आला! कुणासाठी करतेय मी हे?

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

दुसरी वडी आणली होती. कामावरून येते तर नवऱ्याने ती माझ्या किसणीवर किसलेली! माझ्या! विचारायची पद्धत नाही. रंगाआधी लाकडाच्या भेगा बुजवायला लांबी भरतात तसा तो कीस ओला करून, लांबीच्या पट्टीने दाबून दाबून थर भरत बसला होता. वर म्हणतो, वाळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

मग भरला छान, हे खरं. पण गाजर किसलं तर त्याला साबणाचा वास. ते कोण खाणार? मीच खाल्लं.

मग खिडकीत वाळत ठेवलाय. मगाशी बाबा पाय न वाजवता बाहेर आले, त्यात बोट खुपसून बघितलं आणि परत गेले. मला दिसलं नाही असं त्यांना वाटतंय.

रविवार, ९ फेब्रुवारी

दाढी झाली! पण कशी झाली ते लिहिलंच पाहिजे.

बाबा खुर्चीत. गळ्याशी टॉवेल. नवऱ्याने ब्रश घुसळला, फेस असा दाट आला की बाबांचे डोळे आपोआप मिटले. मला वाटलं, आता बोलतील. बोलले—माझ्याशी. "त्याला सांग, हनुवटी राहिली." अहो, तुमची हनुवटी त्याच्याच हातात आहे! आणि हा शहाणा तरी? "बाबांना सांग, मान वर करा." एक वीत अंतर नाही दोघांच्या तोंडांत, आणि मी मध्ये उभी राहून निरोप पोचवतेय. तिकीट तपासून तपासून बाबांना सगळं जग बिनतिकीट वाटतं, हे समजू शकते. याला काय धाड भरलीय?

तरीही, स्वच्छ गालांनी बाबा बाहेर येऊन जेवायला बसले. बरं वाटलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आजही मी निरोप्या. दुकानात पोचायला उशीर. मालकांनी चारचौघांत ऐकवलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज डोकंच फिरलं. "त्याला सांग, पाणी गार आहे." मी म्हटलं, मी टेलिफोन नाही, तुमचं तुम्ही बघा—आणि पर्स उचलून निघाले.

संध्याकाळी येऊन बघते तर बाबा खिडकीशी पेपर वाचतायत. डावा गाल गुळगुळीत, उजवा तसाच! कुणी कुणाला ‘इकडे वळा’ म्हणालं नाही, ‘थांब’ही म्हणालं नाही. दिवसभर अर्ध्या दाढीने बसले! आणि हा मुकाट पाटी रंगवतोय. हसावं की डोकं आपटून घ्यावं?

दुसरा गाल शेवटी माझ्या देखरेखीखाली झाला. कुणाशीही न बोलता मी झोपायला गेले. घ्या, मलाही येतं न बोलता राहता!

शनिवार, २२ फेब्रुवारी

आता खुणा ठरल्यायत. खांद्यावर एक टिचकी—मान वर. दोन टिचक्या—गाल फुगवा. पाणी गार असलं की बाबा खुर्चीच्या हातावर बोटं वाजवतात. मेले, बोलायचं सोडून बाकी सगळं करतील!

सोमवार, १० मार्च

उद्या प्लास्टर निघणार. बाबांनी आजच बॅग काढून ठेवली. म्हणाले, आता माझी दाढी मी करीन, तुम्हाला सुटका.

सुटका! कोणी मागितली होती? बॅग बघून रडू आलं. राग बाबांचा, नवऱ्याचा आणि माझाही, की एवढ्या दिवसांत दोघांच्या तोंडून एक शब्द काढता आला नाही. नवऱ्याला म्हटलं, निदान जाताना तरी बोल. तो म्हणाला, "मी वयाने मोठा असतो तर आधी बोललो असतो." मी खोली बंद करून बसले.

बुधवार, १२ मार्च

काल प्लास्टर निघालं, मनगट बऱ्यापैकी वळतंय. सकाळी बाबांनी उजव्या हाताने स्वतःच टॉवेल बांधला, रेझर उचलून नीट धरून बघितलं, आणि परत खाली ठेवलं. मी दारातच होते. माझ्याकडे पाहिलंही नाही. आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "जावईबापू, साबण लावा."